सोनोग्राफीच्या एका ओळीवर पीसीओएस ठरत नाही

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्याच्या शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ असते: दोन्ही ओव्हरीज (बीजांडकोश) बल्की, म्हणजे आकाराने मोठ्या, कडेने अनेक लहान फॉलिकल्स (पिशव्या), पीसीओडीची शक्यता. ती वाचून बहुतेकजणींची दोन गोष्टींबद्दल खात्री पटते. पोटात गाठी झाल्या आहेत आणि आजाराचं निदान झालं आहे. त्या ओळीवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या फाइलमध्येही अशी एक ओळ आहे, विसाव्या वर्षाची. खरं निदान त्यानंतर सहा वर्षांनी झालं. ज्या डॉक्टरांनी ते केलं त्यांनी नवी सोनोग्राफी सांगितलीच नाही. जुना रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला आणि पाऊण तास प्रश्न विचारले. पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, गेल्या वर्षभरात किती वेळा आली, ती आपसूक आली की गोळी घेऊन, हनुवटीवरचे केस किती दिवसांनी काढावे लागतात. मग रक्ताच्या काही तपासण्या लिहून दिल्या. हे सगळं कशासाठी चाललं होतं ते तेव्हा मला कळलं नव्हतं. पुढे विचारत, वाचत गेले तसं उलगडत गेलं, आणि हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं फार वाटलं. म्हणून हा लेख.

आधी नावाचा घोळ सोडवू, कारण निम्मी भीती नावातच आहे. पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, शब्दशः 'अनेक गाठींच्या बीजांडकोशाचा लक्षणसमूह'. पण सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. प्रत्येक बीजांडकोशात स्त्रीबीजं लहान लहान पिशव्यांमध्ये असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला त्यातल्या काही वाढू लागतात, एक पुढे जाते, साधारण २० मिलिमीटरच्या आसपास पोचते आणि फुटून बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच पिशव्या वाढायला सुरुवात करतात आणि २ ते ९ मिलिमीटरच्या टप्प्यावर अडकून राहतात. पडद्यावर त्या काळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. या अर्धवट वाढलेल्या पिशव्या कापून काढायच्या नसतात, त्या विरघळवणारं औषधही नसतं. पोटात कळ आणणारी किंवा पीळ बसणारी मोठी गाठ हा वेगळाच विषय आहे.

हे नाव कुठून आलं तेही सांगते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अगदी क्वचित येणाऱ्या या स्त्रियांचे बीजांडकोश मोठे आणि असंख्य पिशव्यांनी भरलेले होते, आणि त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर दाट केस होते. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, संप्रेरकं मोजणाऱ्या आजच्यासारख्या तपासण्याही नव्हत्या. जे शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसलं त्यावरून आजार ओळखला गेला, आणि पुढे त्याच खुणेवरून नाव रूढ झालं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने स्पष्ट म्हटलं की हे नाव दिशाभूल करतं आणि ते बदलायला हवं. मला ते शंभर टक्के पटतं. ज्या खुणेवरून नाव पडलं ती खूण आजार नसतानाही दिसू शकते, आणि ती दिसत नसतानाही आजार असू शकतो.

'पीसीओडी' आणि 'पीसीओएस' हे दोन वेगळे आजार आहेत, एक सौम्य आणि एक गंभीर, असंही बरेचदा ऐकायला मिळतं. निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये अशी विभागणी नाही. तिथे नाव एकच आहे, पीसीओएस. रिपोर्टवर पीसीओडी लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'बीजांडकोश तसे दिसतात' इतकाच असतो.

आत नेमकं काय बिघडतं

हे थोडक्यात समजून घेतलं की पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएचमुळे बीजांडकोशातल्या काही पेशी अँड्रोजेन तयार करतात, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं. यांना 'पुरुषी हार्मोन' म्हणायची सवय आहे, पण ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात आणि लागतातही. त्यांच्यापासूनच पुढे इस्ट्रोजेन बनतं. पीसीओएसमध्ये एलएचचा रेटा अनेकदा वाढलेला असतो आणि अँड्रोजेन गरजेपेक्षा जास्त बनतं. त्यामुळे पिशव्यांची वाढ मध्येच थांबते, बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते.

यात इन्सुलिन भर घालतं. अनेकींच्या शरीरात इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं. शिवाय यकृतात तयार होणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी करतं. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि बांधलेलं असेपर्यंत ते फारसं काम करत नाही. एसएचबीजी कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा नॉर्मल असूनही चेहऱ्यावर केस येऊ शकतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, रक्ततपासणीपाशी तो परत येणार आहे.

तीनपैकी दोन

मधुमेह साखरेच्या आकड्यावरून ठरतो, तसा पीसीओएस ठरवणारा एकच आकडा नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथे ठरलेला नियम आजही पाया आहे: तीन गोष्टी पाहायच्या, त्यातल्या कोणत्याही दोन असल्या आणि तशीच लक्षणं देणारे इतर आजार नसले, तर पीसीओएस. त्या तीन गोष्टी म्हणजे अनियमित पाळी, अँड्रोजेन जास्त असल्याची खूण (अंगावर किंवा रक्तात), आणि बीजांडकोशात पिशव्यांची गर्दी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१८ मध्ये आली आणि २०२३ मध्ये सुधारली. त्यांनी हाच नियम ठेवून त्याला नीट क्रम दिला.

तो क्रम असा. आधी पाळी आणि अंगावरच्या खुणा बघायच्या. पाळी अनियमित आहे आणि चेहऱ्यावर-छातीवर दाट, राठ केस आहेत? दुसरे आजार नाहीत याची खात्री करा, निदान झालं, सोनोग्राफीची गरज नाही. पाळी अनियमित आहे पण अंगावर खुणा नाहीत? तर रक्तातलं अँड्रोजेन तपासा. ते वाढलेलं असेल तर इथेही सोनोग्राफी लागत नाही. पहिल्या दोनपैकी एकच गोष्ट हाती लागली तर मात्र तिसरीकडे वळायचं.

प्रत्यक्षात हा क्रम फार वेळा उलटा होतो. पाळी चुकली की पहिल्याच भेटीत सोनोग्राफी, आणि तिच्यात माळ दिसली की शिक्का. सगळ्यात शेवटी येणारी पायरी सगळ्यात आधी चढल्यामुळे काही मुलींना नसलेला आजार चिकटतो. आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून खरोखर आजार असलेल्या स्त्रिया परत पाठवल्या जातात.

पाळीपासून सुरुवात करू. 'अनियमित' या शब्दाला इथे ठरलेलं माप आहे. पहिली पाळी येऊन ३ वर्षं उलटली असतील, तर दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ दिवसांपेक्षा जास्त, अथवा वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या, म्हणजे अनियमित. अंतर मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याचजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि आकडा चार-पाच दिवसांनी चुकतो. दर ३३ दिवसांनी येणारी पाळी 'उशिरा' वाटली तरी ती नियमितच आहे.

यात एक खाच आहे. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट संपल्यावर येणारा रक्तस्राव ही आपली आपण आलेली पाळी नव्हे. 'पाळी यायची गोळी' घेऊन आलेलीही नव्हे. गोळीतलं संप्रेरक थांबलं म्हणून गर्भाशयाचं अस्तर पडतं, बीज बाहेर पडलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. "माझी पाळी अगदी वेळेवर येते" असं सांगताना ती गोळीमुळे येते हे सांगायचं राहिलं, तर डॉक्टरांची पहिलीच पायरी चुकते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. चार वर्षं मी दर दोन महिन्यांनी गोळी घेऊन पाळी आणत होते आणि विचारलं की 'ठीक आहे' म्हणत होते.

याच्या उलटही घडतं. पाळी दर महिन्याला येते पण बीज बाहेर पडत नाही. अँड्रोजेनच्या खुणा आहेत, पाळी मात्र वेळेवर आहे, अशा वेळी पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या साधारण आठवडाभर आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. ते बीज बाहेर पडल्यावरच वाढतं.

केस, जे आपण लपवून जातो

अँड्रोजेनची सगळ्यात भरवशाची बाहेरची खूण म्हणजे ओठांवर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर, मांड्यांवर येणारे जाड, काळे केस. डॉक्टर त्यांना गुण देतात: शरीराचे ९ भाग, प्रत्येकाला ० ते ४. बेरीज ४ ते ६ किंवा अधिक असेल तर केस जास्त मानतात. नेमकी रेषा कुठे ओढायची हे वंशानुसार थोडं बदलतं. हातांवरची मऊ, बारीक लव यात मोजत नाहीत.

अडचण अशी की डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी आपण थ्रेडिंग करून जातो. तपासणाऱ्याला गुळगुळीत हनुवटी दिसते आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळतात. याची लाज वाटणं मी पुरेपूर समजू शकते. आरशासमोर चिमटा घेऊन घालवलेल्या सकाळी कुणाला सांगाव्याशा वाटत नाहीत. पण निदानासाठी ही माहिती सोनोग्राफीइतकीच मोलाची आहे. केस वाढू देऊन जाणं जमत नसेल तर तोंडाने सांगा: कुठे येतात, किती दिवसांनी काढता, लेझर केलं आहे का, कधीपासून चालू आहे. संकोच वाटला तर लिहून न्या आणि कागद पुढे करा.

मुरमं आणि टाळूवरचे केस विरळ होणं याही खुणा आहेत, पण त्या एकट्या असतील तर पुरावा कच्चा मानतात. त्यांची कारणं इतर बरीच असतात.

आता रक्त. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन, हे दोन पाहायचे. मोकळ्याचा अंदाज एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी यांच्यावरून गणिताने काढतात. मघाशी सांगितलं ते इथे लागू होतं: नुसतं एकूण टेस्टोस्टेरॉन तपासून 'नॉर्मल आहे' म्हटलं, तर एसएचबीजी कमी असलेली स्त्री हातची सुटते. स्त्रियांमध्ये हे संप्रेरक मुळात इतकं थोडं असतं की साध्या पद्धतीच्या तपासण्या तिथे अडखळतात. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाची पद्धत जास्त अचूक आहे, ती उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. हे दोन्ही आकडे वाढलेले नसतील तर अँड्रोस्टेनडायोन आणि डीएचईएएस ही दुसरी अँड्रोजेन बघता येतात. आणि केसांची खूण स्पष्ट असेल, तर रक्तातला आकडा नॉर्मल आला म्हणून ती खूण रद्द होत नाही.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे आकडे विश्वासाचे नसतात. गोळ्या एसएचबीजी वाढवतात आणि बीजांडकोशातलं अँड्रोजेन दाबतात. खरा आकडा हवा असेल तर गोळ्या किमान ३ महिने बंद ठेवून तपासतात. त्या काळात गर्भ राहू नये यासाठी दुसरं साधन वापरायचं आणि हे सगळं डॉक्टरांशी बोलूनच करायचं. दुसरा चोर म्हणजे बायोटिन. केस गळतात म्हणून आपण ज्या गोळ्या मनाने सुरू करतो त्यात ते भरपूर असतं, आणि काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत थायरॉइडपासून टेस्टोस्टेरॉनपर्यंतचे निकाल ते चुकवू शकतं. रक्त देण्याआधी त्या गोळ्यांबद्दल सांगा आणि किती दिवस थांबवायच्या ते विचारा.

एलएच आणि एफएसएच यांचं एकमेकांशी प्रमाण उलटं आहे म्हणून पीसीओएस, असं पूर्वी म्हणत. निदानाच्या निकषांत ते प्रमाण नाही. रक्तातलं इन्सुलिनही निदानासाठी मोजावं लागत नाही.

सोनोग्राफी कधी, आणि तिच्यात काय पाहायचं

तिसरी गोष्ट बीजांडकोश. २००३ मध्ये एका बीजांडकोशात १२ पिशव्या दिसल्या तरी पुरे होतं. यंत्रं सुधारली, पूर्वी न दिसणाऱ्या बारीक पिशव्या दिसू लागल्या आणि निरोगी तरुण स्त्रियाही सहज १२ च्या वर जाऊ लागल्या. मग रेषा वर सरकवली गेली. आता आधुनिक यंत्राने योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत एका तरी बीजांडकोशात २० किंवा अधिक पिशव्या, किंवा बीजांडकोशाचं आकारमान १० मिलिलिटर किंवा अधिक, असं माप आहे. योनीमार्गे तपासणी नको असेल तर पोटावरून करतात. तिच्यात पिशव्या नीट मोजता येत नाहीत, म्हणून मुख्यतः आकारमानावर जातात. एखादी मोठी पिशवी त्या वेळी वाढलेली असेल तर आकारमान फसवं निघतं.

म्हणजे रिपोर्टमध्ये नुसतं 'बल्की' किंवा 'अनेक फॉलिकल्स' लिहिलं असेल तर त्यातून निदानाला उपयोगी असं फारसं काही हाती येत नाही. किती पिशव्या, कोणत्या बाजूला, आकारमान किती, तपासणी कोणत्या मार्गाने केली, शेवटची पाळी कधी आली होती, गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे, एवढं त्यात असायला हवं. नसेल तर विचारायचा हक्क आपला आहे.

२०२३ पासून प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते. हे संप्रेरक त्या लहान पिशव्यांच्याच पेशी सोडतात, त्यामुळे पिशव्या जास्त तर एएमएच जास्त. दोन्ही करायची गरज नाही, एक पुरे. पण नुसतं एएमएच वाढलं म्हणून पीसीओएस, असंही नाही. ते तीनपैकी एका खुणेची जागा घेतं, त्यापेक्षा जास्त वजन त्याला नाही.

दुसरं काही नाही ना?

नियमाचा हा अर्धा भाग सर्रास विसरला जातो. पाळी चुकली की सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी, कितीही खात्री असली तरी. मग थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइड मंदावलं की पाळी बिघडते. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढलं असेल तरी पाळी थांबते. मानसिक आजारांवरची आणि उलटीवरची काही औषधं ते वाढवतात, सुई टोचण्याच्या ताणानेही ते थोडं वर जातं, म्हणून किंचित वाढलेलं आलं तर परत तपासतात. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (१७-ओएचपी) ही तपासणी सकाळी लवकर, शक्यतो पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत करतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, तो तिच्यातून ओळखला जातो. एफएसएच बघतात ते बीजांडकोश वेळेआधी थकले नाहीत ना यासाठी. चाळिशीच्या आधीही तसं होऊ शकतं.

आवाज अचानक जाड होणं, काही महिन्यांतच झपाट्याने केस वाढणं, टेस्टोस्टेरॉन फारच वर असणं, असं काही असेल तर अँड्रोजेन सोडणारी गाठ शोधावी लागते. पोटावर रुंद जांभळट पट्टे, सहज काळंनिळं पडणं, जिना चढताना मांड्यांत बळ न उरणं, ही कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढण्याच्या आजाराची चिन्हं. दोन्ही दुर्मीळ आहेत, पण तिथे थांबायला वेळ नसतो.

या यादीतल्या एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे, कारण तिथे चूक झाली तर उपचार नेमका उलटा होतो. एखादी मुलगी खूप कमी खाते, भरपूर व्यायाम करते, किंवा तिचं वजन झपाट्याने उतरलं आहे, किंवा ती मोठ्या ताणात आहे. शरीर ऊर्जा वाचवायला पाहतं, मेंदू एलएच-एफएसएचचे संदेश मंदावतो, पाळी बंद होते. याला हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात. गंमत नाही, फार वाईट योगायोग असा की अशा काही मुलींच्या सोनोग्राफीतही तीच माळ दिसते. मग तिला पीसीओएसचा शिक्का बसतो आणि सांगितलं जातं, 'वजन कमी कर, भात सोड, व्यायाम वाढव.' तिला गरज असते जास्त खाण्याची आणि विश्रांतीची. इकडे इस्ट्रोजेन कमी राहिल्याने हाडं झिजत जातात. म्हणून पाळी थांबण्याच्या आसपास खाणं, वजन, व्यायाम यांत काय बदल झाला होता, हे न विचारता दिलेलं निदान अपुरं आहे असं मी म्हणेन.

वयात येणाऱ्या मुली

पहिली पाळी आल्यानंतरचं पहिलं वर्ष पाळी कशीही आली तरी ते शरीराचं शिकणं असतं. १ ते ३ वर्षांच्या टप्प्यात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पहिल्या वर्षानंतर एखादं जरी अंतर ९० दिवसांच्या वर गेलं, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

या वयात बीजांडकोशात पिशव्यांची गर्दी असणं हेच स्वाभाविक आहे. म्हणून पहिल्या पाळीपासून ८ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करू नये आणि एएमएचही वापरू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीच्या बाबतीत हे थेट एकविसाव्या वर्षापर्यंत लागू होतं. माझी ती विसाव्या वर्षाची ओळ कोणत्या खात्यात पडते ते तुम्हीच बघा. किशोरवयात निदानासाठी अनियमित पाळी आणि अँड्रोजेनची खूण, दोन्ही लागतात. एकच असेल तर 'धोका आहे, लक्ष ठेवू' असं नोंदवून पाळीवर, मुरमांवर जे उपचार लागतील ते करायचे आणि काही वर्षांनी परत तपासायचं. पंधरा वर्षांच्या मुलीला आयुष्यभराचा शिक्का देण्यापेक्षा हे थांबणं कितीतरी शहाणपणाचं आहे. आईला ते पटणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. 'नक्की काय ते सांगा' असं वाटतंच.

उशीर का होतो

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की प्रजननवयातल्या ६ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि जगभरात त्यांच्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत जणींना त्याचा पत्ताच नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या सुमारे १,४०० स्त्रियांच्या पाहणीत तिघींपैकी एकीला निदानासाठी २ वर्षांहून जास्त लागली होती, आणि जवळपास निम्म्याजणी त्याआधी तीन किंवा त्याहून अधिक डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. मुरमांसाठी आपण त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, वजनासाठी आहारतज्ज्ञांकडे, आणि तिन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. बारीक अंगकाठीच्या स्त्रीला 'तुला कसला पीसीओएस' म्हणून वाटेला लावतात. वजन हा निकषांचा भाग नाही, सडपातळ स्त्रियांनाही हा आजार होतो. उलट जाड स्त्रीने काहीही सांगितलं तरी 'आधी वजन उतरव, मग बघू' हे उत्तर मिळतं आणि तपासणी होतच नाही. वजन उतरवायला सांगणं हा उपचाराचा भाग असू शकतो. निदानाऐवजी तो सल्ला देणं मला अजूनही खटकतं.

निदान झालं की त्याच सुमारास काही गोष्टी तपासून घ्यायच्या असतात, आणि त्या अनेकदा राहून जातात. साखर, शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती तपासणी. वजन आणि वय काहीही असलं तरी, आणि पुढे दर १ ते ३ वर्षांनी. कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी. रक्तदाब, दरवर्षी. घोरणं आणि दिवसा झोप येणं, कारण झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण या स्त्रियांमध्ये जास्त असतं. आणि मन. नैराश्य आणि चिंता पीसीओएसमध्ये जास्त आढळतात, त्याबद्दल विचारणं हे तपासणीचाच भाग आहे, म्हणून कुणी विचारलं नाही तर आपण सांगायचं. ९० दिवसांहून जास्त पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर साचत जातं. अशी अंतरं वारंवार पडत असतील तर ती अंगावर काढायची नाहीत.

'आता मूल होणार नाही' ही भीती निदानाच्या दिवशी जवळपास प्रत्येकीच्या मनात येते. गर्भ राहायला वेळ लागू शकतो, औषधाची मदत लागू शकते, पण बहुतेकींना मूल होतं. त्याच कारणाने, मूल नको असेल तर गर्भनिरोधक वापरावंच लागतं. बीज कधीतरी बाहेर पडतं आणि ते कधी, हे आधी कळत नाही.

डॉक्टरांसमोरून उठण्याआधी फाइलवर एक गोष्ट लिहून घ्या: निदान तीनपैकी कोणत्या दोन खुणांवर झालं, आणि कोणते आजार तपासून बाजूला केले. माझ्या फाइलवर आता तसं लिहिलं आहे. 'पाळी वर्षातून पाच, चेहऱ्यावर केस, टीएसएच, प्रोलॅक्टिन, १७-ओएचपी नॉर्मल.' गेल्या वर्षी डॉक्टर बदलले, तेव्हा त्यांनी ती ओळ वाचली आणि सरळ साखरेबद्दल विचारलं.